आकडेमोडीची वही



मराठीच्या प्राध्यापकाने संगणकावर बोलावे, हे आपणांस धाडसाचे वाटेल; परंतु विषय मुळात आमच्याच घरचा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पानाच्या तळाशी पाठभेद नोंदले आहेत. संपादकाचा निर्णय ज्याला पटणार नाही, त्याने तो स्वतः तपासावा.

आजचे संशोधन संगणकीय आज्ञावलींवर उभे आहे. मात्र प्रसिद्ध होतो तो निष्कर्ष, आज्ञावली बहुधा संशोधकापाशीच राहते. २०१० साली कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी मांडले की, महायुद्धोत्तर काळात ज्या प्रगत देशांचे सरकारी कर्ज सकल उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेले, त्यांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती. सरकारी काटकसरीच्या समर्थनार्थ हा आकडा वारंवार पुढे केला गेला. टॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला तो काही केल्या जुळेना. लेखकांनी त्याला मूळ एक्सेल तक्ता दिला (हा त्यांचा मोठेपणा मान्य केलाच पाहिजे), तेव्हा २०१३ साली उघड झाले की, सरासरीच्या सूत्रातून २० पैकी ५ देश सुटले होते. ती चूक तशी लहान. काही वर्षे वगळणे आणि सरासरी काढण्याची पद्धत यांचा परिणाम अधिक. सारे दुरुस्त करता आकडा २.२ निघाला. तक्ता मिळाला नसता तर?

२०१६ साली फ्रान्समध्ये ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा आज्ञावलींचा संग्रह सुरू झाला. पण नुसता संग्रह पुरत नाही. कोणती आवृत्ती वापरली, इतरांना वापराची मुभा आहे काय, हे सोबत लिहिलेले हवे. दाखल नोंदवही शंभर वर्षे सांभाळणाऱ्या आपणांस हे निराळे सांगावयास नको.