भयांचा ताळेबंद

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवाल वर्षाचा जमाखर्च आपल्या हाती दिलेला आहेच. त्यातील ‘आपत्ती निधी’ या बाबीविषयी गेल्या सभेत काही सभासदांनी पृच्छा केली होती. ही रक्कम नुसती पडून का ठेवावी, तीतून एखादे यंत्र का घेऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. भूगर्भाविषयी वा पर्जन्यमानाविषयी अधिकारवाणीने बोलण्याची आमची योग्यता नाही. तथापि कृष्णाकाठच्या या सांगली शहरात रुग्णालयाचे व्यवहार सांभाळताना भीती आणि जोखीम यांचा जो हिशेब आम्हांस मांडावा लागला, तो आपणांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

काही वर्षांपूर्वी आषाढातील एका रात्री आमच्या धर्मशाळेत रुग्णांचे नातेवाईक बोलत बसले होते. पाटण खोऱ्यातील एक आजी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची, कोयनेच्या भूकंपाची आठवण सांगत होत्या. “धरणीच हलली, तर पाय कुठं ठेवायचा?” असे त्या म्हणाल्या. नदीकाठचे एक गृहस्थ २००५ च्या महापुराविषयी बोलले. त्यावर जत तालुक्यातील एक शेतकरी शांतपणे म्हणाले, “पाणी आलं तर माणूस पळंल तरी. आलंच न्हाई तर कुठं पळायचं?” प्रत्येकास आपली आपत्ती परिचित आणि दुसऱ्याची भयंकर वाटत होती. आजी पुराच्या नावाने कानांवर हात ठेवीत होत्या आणि पूरग्रस्त गृहस्थ भूकंपाच्या नावाने.

ते संभाषण ऐकल्यावर आम्ही एक कोरा कागद घेतला आणि या भयांचे रकाने पाडले. आपत्ती किती मोठी हा रकाना आम्ही मुद्दामच ठेवला नाही. ती किती आधी सूचना देते, किती वेळा येते आणि ती येण्यापूर्वी आपल्या हाती काय असते, एवढेच तीन रकाने केले.

भूकंप काहीही सूचना देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात पहाटे सारी गावे झोपेत असताना धरणीकंप झाला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद यांखाली बहुतेकांचा अंत झाला. म्हणजे त्या क्षणी हाती काही नव्हते. जे होते ते घर बांधतानाच होते. वीज काही मिनिटांची सूचना देते. पूर आपणांस बहुधा काही तासांची, पुष्कळदा एका दिवसाची सवड देतो. कोयनेतील विसर्गाचे आणि आयर्विन पुलाजवळील पातळीचे आकडे घरोघरी पोहोचतात. दुष्काळ तर महिनोन्महिने आधी दिसू लागतो. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी धाडावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. पुराला भिणाऱ्या नदीकाठाने तहानलेल्या शहरास पाणी पाठविले, हे आपण पाहिले आहे.

कागद पूर्ण झाला तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. जी आपत्ती सूचना देत नाही तिचे भय आपण सर्वाधिक बाळगतो आणि जी सूचना देते तिच्याविषयी निर्धास्त राहतो. वास्तविक सूचना देणाऱ्या आपत्तीतच माणसाच्या हाती सर्वाधिक असते. म्हणून तेथील हानीचा दोषही सर्वाधिक आपलाच असतो.

हा दोष आमच्या पदरीही आहे, हे नम्रपणे सांगितले पाहिजे. २००५ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेले. आमच्या भिंतीवर जेथवर पाणी आले, तेथे आम्ही तांबड्या रंगाची रेघ ओढली आणि त्या रेघेहून एक फूट उंच चौथरा बांधून त्यावर जनित्र बसविले. असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येणार नाही, असे आम्ही त्या वेळी विश्वस्तांस लेखी कळविले होते. ते पत्र आजही दप्तरी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. चौथरा बुडाला, जनित्र बंद पडले आणि रुग्णांना अंधाऱ्या जिन्यावरून झोळीत घालून वर न्यावे लागले. सुदैवाने सर्व रुग्ण सुखरूप राहिले. परंतु त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे बचावासाठी निघालेली नाव उलटून अनेक जीव गेले, हे आठवले की सुदैव या शब्दाचा आधार घेण्याचे धैर्य होत नाही. आम्ही मागील पुराची तयारी केली होती. पुढील पुराची केली नव्हती.

त्यानंतर सर्व यंत्रणा थेट गच्चीवर न्यावी, अशी सूचना आली. तेव्हा स्थापत्य अभियंत्यांनी आम्हांस थांबविले. पूर म्हणतो, वजन वर न्या. भूकंप म्हणतो, वजन खाली ठेवा. एका भयावरील उपाय दुसऱ्या भयास निमंत्रण ठरू शकतो, हे आमच्या रकान्यांत नव्हते. अखेरीस खांब व तुळया मजबूत करून जनित्र व विजेचे फलक पहिल्या मजल्यावर पक्के जखडून बसविले. प्राणवायूचे सिलिंडर साखळीने भिंतीस बांधले आणि रुग्णखाटांच्या डोक्यावरील जड फडताळे काढून टाकली. या कामासाठी एका कुटुंबाने आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ देणगी दिली. मुळात त्यांना नामफलकासह यंत्र द्यावयाचे होते. साखळीवर आणि तुळईवर नाव लिहिता येत नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी होकार दिला.

जुलै २०२१ मध्ये पाणी सुमारे ५५ फुटांपर्यंत चढले. या वेळी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर असतानाच नव्या रुग्णांस अन्यत्र पाठविले, तीन दिवसांचे डिझेल भरून घेतले आणि वीज अखंड चालू राहिली. तरीही एक चूक घडलीच. आमच्या पूर्वतयारीच्या यादीत रुग्ण होते, औषधे होती, यंत्रे होती. परिचारिकांची घरे नव्हती. दोघी भगिनी रात्रपाळीस असताना त्यांच्या घरांत पाणी शिरले. त्यांनी पाळी सोडली नाही. मात्र रात्रभर दूरध्वनीवरून मुलांना कुठली वस्तू कुठे ठेवायची ते सांगत राहिल्या. त्यांच्या निष्ठेचे कौतुक करून आम्ही आमची चूक झाकू इच्छित नाही. आता पाणी ४० फुटांवर गेले की नदीकाठी राहणाऱ्या कर्मचाऱ्यांची कुटुंबे प्रथम धर्मशाळेत आणावयाची, असा ठराव झालेला आहे. त्यांच्या निवासाचा व भोजनाचा खर्च याच निधीतून व्हावयाचा आहे.

पूर आला की समाजाचा हात सढळ होतो. कपडे, धान्य, औषधे अक्षरशः ओतली जातात. त्याबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत. परंतु पाणी ओसरल्यावर, फाल्गुन-चैत्रात नदी पात्रात शांत वाहत असताना दिलेला एक रुपया पुढील श्रावणात कितीतरी अधिक उपयोगी पडतो. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर, निश्चित येणाऱ्या पण तारीख ठाऊक नसलेल्या देण्यासाठी तरतूद करणे हा व्यवहाराचा प्राथमिक नियम आहे. तरतूद केली म्हणून देणे टळत नाही. ते फेडताना घर विकावे लागत नाही, इतकेच.

नदी सोडून आपण जाणार नाही. तिच्याच काठी आपली शेते, बाजार आणि नातीगोती आहेत. भय पूर्णपणे जावे, अशी आमची अपेक्षाही नाही. ते हिशेबात नोंदलेले असावे आणि त्यापुढे काही रक्कम लिहिलेली असावी, एवढीच विनंती आहे. भिंतीवरील २००५ ची तांबडी रेघ आम्ही पुसलेली नाही. तिच्या वर २०१९ ची आणि दोहोंच्या मध्ये २०२१ ची रेघ ओढली आहे. सभेनंतर आपण सर्वांनी ती भिंत अवश्य पाहावी आणि मगच या निधीविषयी आपला निर्णय द्यावा.