काम काय करता, हे डॉक्टरांना सांगा
(लोटे येथे युवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



लोट्याच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत आणि आपल्या अनेक घरांतून कुणी ना कुणी तिथे पाळीला जातं. माझे मामूही जातात. दोन वर्षं खोकला, रात्री छातीत घरघर. एका तज्ज्ञांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." मामू काम काय करतात, हे विचारलंच नाही.

हा प्रश्न फार जुना आहे. इटलीतले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा, असं त्यांनी त्यात सांगितलं.

मी सॉफ्टवेअरवाला. मधूनमधून येणारा बिघाड तपासताना नेमका दिसत नाही, म्हणून आम्ही नोंदी ठेवतो. कामामुळे होणारा दमाही असाच. एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो, दवाखान्यात माणूस बराही दिसतो. पीक फ्लो मीटर नावाचं एक साधं उपकरण मिळतं. त्यात जोराने फुंकायचं आणि आकडा लिहायचा. दिवसातून किमान चार वेळा, दोन ते चार आठवडे. पाळीच्या दिवशीही आणि सुट्टीतही. कामावर आकडा घसरतो आणि सुट्टीत सुधारतो, असं दिसलं तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.

आणि अदबीने विचारा, "डॉक्टर, टेन्शन असेलही. पण सुट्टीत त्रास कमी होतो. हा कामामुळे असेल का? नसेल, तर कशावरून?"

उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तो आपला हक्क आहे. रुग्णालयात दाखल झाला असाल तर कागदपत्रं मागा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार ती मागितल्यापासून 72 तासांत द्यावी लागतात.

आजार कागदावर आला तर काम जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून निदानाआधी नोकरी सोडू नका आणि औषधंही स्वतःहून बंद करू नका. पण त्रास देणारा वायू किंवा भुकटी वर्षानुवर्षं छातीत जात राहिली, तर दमा कायमचा जडू शकतो. घरी आपण म्हणतो, सब्र करा. सब्र म्हणजे तपास सोडून देणं नव्हे.

अब्बांसोबत दवाखान्यात बहुतेक आपणच जातो. पुढच्या खेपेला एक कागद लिहून न्या: कोणत्या विभागात काम, कोणती रसायनं, त्रास कधीपासून, सुट्टीत काय फरक पडतो. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी तो त्यांच्या हातात द्या.