मनाची गोळी, पायाच्या दुखण्याला कशी?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत एका निवृत्त परिचारिका ताईंनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

हप्ते भरून झाले, कर्जाचे ठराव झाले, आता थोडा वेळ माझ्यासाठी काढा.

बैठक संपली की कुणीतरी हळूच बाजूला येते आणि पदराआडून गोळ्यांचं पाकीट दाखवते. "सिस्टर, पायाची आग होते म्हणून डॉक्टरांनी ही दिली. पण मेडिकलवाला म्हणाला, ही डिप्रेशनची आहे. मला काय वेड लागलंय का?" आणि मग ती गोळी डब्यात तशीच पडून राहते. पाय जळतच राहतात.

तर आधी हेच सांगते. तुमचं दुखणं खोटं आहे, मनाचं आहे, असं डॉक्टरांचं म्हणणं नसतं. पायाला काटा टोचला की त्याचा निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जातो. मेंदूही वरून खाली निरोप पाठवतो, की बस, आता आवाज कमी कर. हा आवाज कमी करण्याचा निरोप ज्या रसायनांतून जातो, त्यातली दोन म्हणजे सेरोटोनिन आणि नॉरएड्रेनालिन. उदासीच्या आजाराशीही याच दोन रसायनांचा संबंध आहे. म्हणून काही गोळ्या दोन्हीकडे चालतात. शुगरमुळे नसा खराब होऊन तळपायाची आग होते, रात्री मुंग्या येतात, तिथे साध्या दुखण्याच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. या गोळीचा होऊ शकतो. सगळ्यांनाच होतो असं नाही.

आता नावं. आपल्याकडे चिठ्ठीवर जास्त करून तीन दिसतात: अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, ते सोडा. बारीक अक्षरातलं औषधाचं नाव शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाने एकच औषध दिलं, आणि बाईने दोन्ही घेतलं, हे मी पाहिलेलं आहे.

अमिट्रिप्टिलिन सगळ्यात जुनी आणि स्वस्त. दुखण्यासाठी ती अगदी कमी लागते, रात्री 10 किंवा 25 मिलीग्रॅमपासून सुरू करतात. उदासीसाठी त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे "माझ्या बहिणीला 75 ची देतात, मला 10 चीच का" असं म्हणू नका, आजार वेगळा आहे. झोप चांगली लागते, पण तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होते, वजन वाढू शकतं. हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगायचं. आणि ही गोळी जास्त पोटात गेली तर जीवघेणी आहे. लेकरांच्या हाताला लागेल अशी फळीवर ठेवू नका. घरात कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर पाकीट दुसऱ्या माणसाने सांभाळायचं.

ड्युलोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या एकाच घरच्या दोघी बहिणी. वर सांगितलेल्या दोन्ही रसायनांवर काम करतात. पण बहिणी असल्या तरी स्वभाव वेगळा. ड्युलोक्सेटिनला अमेरिकेत 2004 साली उदासी आणि शुगरच्या नसांचं दुखणं, दोन्हींसाठी मान्यता मिळाली. पुढे अंगभर दुखण्याचा फायब्रोमायल्जिया आणि जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी यांसाठीही. बहुतेकींना 30 पासून सुरू करून 60 वर नेतात. व्हेनलाफॅक्सिन कमी मात्रेत मुख्यतः सेरोटोनिनवर काम करते, नॉरएड्रेनालिनवर तिचा जोर मात्रा वाढवल्यावर येतो. म्हणून दुखण्यासाठी द्यायची तर कमी मात्रा सहसा पुरत नाही. पण मात्रा वाढली की बीपीही वाढू शकतं. बीपी असलेल्या बाईने ही गोळी चालू असताना बीपी मोजत राहायचं, आशाताईकडे नाहीतर उपकेंद्रात. ड्युलोक्सेटिननेही बीपी थोडं वाढू शकतं, पण तिथे मुख्य काळजी लिव्हरची. कावीळ होऊन गेलेली, लिव्हर खराब असलेली, किंवा रोज दारू घेणारी कुणी असेल (लाजू नका, डॉक्टरांना खरं सांगा), तिला ही चालत नाही. किडनीचा मोठा आजार असेल तरी नाही. काचबिंदू असेल तर दोन्हींबद्दल विचारून घ्यायचं. आणि ड्युलोक्सेटिनची कॅप्सूल उघडून दुधात टाकायची नाही. आतल्या दाण्यांवर आम्लापासून वाचवणारा थर असतो, तो तसाच पोटात गेला पाहिजे.

डेसव्हेनलाफॅक्सिन असंही एक नाव दिसेल. व्हेनलाफॅक्सिनचं पोटात गेल्यावर लिव्हरमध्ये तेच होतं, त्याची वेगळी गोळी केलेली आहे.

सुरुवातीला मळमळ होते, घाम येतो. बहुतेकींचं आठ-दहा दिवसांत कमी होतं. मनाला फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात. इथेच आपल्या बायका धीर सोडतात. आणि पंचविशीच्या आतली मुलगी असेल, तर पहिले काही आठवडे घरच्यांनी तिच्यावर नीट लक्ष ठेवायचं. मरणाची भाषा, जास्त बेचैनी दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

एका गटातली बाई व्हेनलाफॅक्सिन घेत होती, तब्येत छान सुधारली होती. सोयाबीनच्या काढणीत गोळ्या संपल्या, आणायला सवड नाही, पैसेही अडकलेले. तिसऱ्या दिवशी चक्कर, उलटी, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. देवऋषीकडे दोन दिवस गेले. खरं तर गोळी एकदम बंद झाल्याचा तो त्रास होता. व्हेनलाफॅक्सिनने हा जास्त होतो, ड्युलोक्सेटिननेही होतो. म्हणून पाकिटात आठवड्याच्या गोळ्या उरल्या की लगेच आणायला निघायचं. पैशाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात काय मिळतं ते विचारा, जनऔषधी केंद्रात बघा. आणि माझं मत स्पष्ट सांगते: अशा वेळी गटाने अंतर्गत कर्जातून दोनशे-तीनशे रुपये द्यायला मागेपुढे पाहू नये.

दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, दोन्ही मिळून अंगात ताप, थरथर, घबराट असा धोका होऊ शकतो. रोजच्या रोज आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेणारीला रक्तस्रावाचा धोका वाढतो. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तेही सांगायचं, पण मनाने गोळी बंद करायची नाही.

बोलायला कुणी नसेल तर 14416 हा टेलिमानसचा नंबर लिहून घ्या. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता मागून एका ताईंनी विचारलं, "ही जन्मभर घ्यायची का?" नाही ताई. झोपेच्या गोळीसारखी हिची चटक लागत नाही. उदासी पहिल्यांदाच आलेली असेल, तर बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात, मग हळूहळू मात्रा उतरवतात. पुन्हा पुन्हा आजार येत असेल तर जास्त काळ. दुखण्यासाठी असेल तर दोनेक महिन्यांत फरक पडला का ते डॉक्टर बघतात, नसेल पडला तर बदलतात. तुमची चिठ्ठी आणली आहे का? द्या इकडे, बघू.