पावसाळी पाहुण्यांची पाठवणी
(पर्यावरणविषयक व्याख्यानाचा संपादित अंश)



ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त मंडूकांचे आहे. पावसाबरोबर बोलू लागणाऱ्या बेडकांची तुलना त्यात मंत्रपठण करणाऱ्या ब्राह्मणांशी केली आहे. या सूक्ताचा कौतुकाने उल्लेख करणाऱ्या घरांतही मागच्या अंगणात डबके साचले की प्रथम फिनाईलची बाटली बाहेर येते. त्या डबक्यात वळवळणारे काळे ठिपके डासांच्याच जातीचे असावेत, असा समज असतो. शालेय पुस्तकांत ज्यांना भैकेर म्हणतात, ती ही बेडकांची पिल्ले.

पावसाने आठवडाभर उघडीप दिली की पाणी आटू लागते आणि घरातील मुले बादली घेऊन धावतात. ही धाव स्तुत्यच. पण प्रत्येक डबके रिकामे करणे म्हणजे जीवदया नव्हे. अंगणात दिसणाऱ्या खरबरीत पाठीच्या भेकाची मादी एका वेळी हजारो अंडी घालते. त्यांतून मूठभरच जगतात; उरलेल्यांवर पक्षी, पाणसाप आणि चतुरांच्या अळ्या पोसल्या जातात. आटत्या पाण्यात आपली वाढ लवकर उरकण्याची शक्तीही अनेक जातींच्या पिल्लांत असते. उचलावीत ती माणसाने संकटात लोटलेली पिल्ले. बांधकामाचा खड्डा उद्या बुजवला जाणार असेल, सोसायटीची टाकी धुतली जाणार असेल, तर प्रथम जवळचेच दुसरे डबके शोधावे. ते नसेल तेव्हाच थोडी पिल्ले घरी आणावीत. बेडूक हा वन्य जीव आहे, म्हणून वनविभागाचा सल्ला आधी घेतलेला बरा.

घरी पसरट टब पुरतो. पाणी पावसाचे, किंवा क्लोरीन उडून जावे म्हणून दिवसभर उघडे ठेवलेले नळाचे. एकदम सारे पाणी बदलू नये. उकडलेल्या पालकाचे चिमूटभर तुकडे द्यावेत आणि उरलेले संध्याकाळी काढून टाकावेत. उपाशी राहून मरणाऱ्यांपेक्षा कुजलेल्या अन्नाने नासलेल्या पाण्यात मरणारी पिल्ले अधिक. साबणाचा वा डास पळवण्याच्या मलमाचा हात पाण्यात घालू नये. बेडकाची त्वचा पुष्कळ गोष्टी शोषून घेते.

एक गोष्ट पुष्कळांना धक्का देऊन जाते. पावसात पिवळाधमक होऊन ओरडणारा जो मोठा बेडूक, त्याची पिल्ले मांसाहारी असतात. वीस पिल्ले एका टबात सोडावीत आणि चार दिवसांनी दोनच गुबगुबीत उरावीत, असे घडू शकते. मुले रडतात. त्यांना खोटे सांगू नये. निसर्ग शिकवायचा तर त्याची ही बाजू झाकून चालत नाही.

पुढचे काही आठवडे मात्र टबापासून उठवत नाही. आधी मागचे पाय दिसतात. पुढचे पाय आत कातडीखाली तयार होत असतात आणि एके सकाळी अचानक बाहेर पडतात. कल्ल्यांचे काम फुप्फुसे घेतात. पालापाचोळ्यासाठी असलेले लांबलचक आतडे आखडते. ओठांवरचे बारीक दात गळून रुंद जबडा येतो. या सर्वांमागे कंठग्रंथीचा स्राव असतो. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने पिल्लांना ही ग्रंथी खाऊ घालून त्यांचे अकाली बेडूक होताना पाहिले होते. या दिवसांत पिल्लू काही खात नाही, आपल्याच शेपटीवर जगते. माता-भगिनी काळजीने पालक वाढवतात. त्याची गरज नसते. गरज असते ती पाण्याबाहेर येणाऱ्या एका उतरत्या दगडाची. तो नसेल तर कालपर्यंत पाण्यात जगलेला जीव त्याच पाण्यात बुडून मरतो.

शेपटी संपत आली की पाठवणीची वेळ झाली. इथेच घरोघरी हट्ट सुरू होतो, 'एक तरी ठेवूया.' परंतु नखाएवढ्या बेडकाला आता हलणारे, जिवंत आणि त्याच्या तोंडात मावणारे भक्ष्य हवे असते, आणि तेही रोज. ते घरात मिळत नाही. हौसेने ठेवलेला बेडूक बहुधा उपासमारीने जातो.

दुसरा मोह सुंदर जागेचा. सहलीला निघालेले कुटुंब डबाही बरोबर घेते आणि घाटातल्या झऱ्याकाठी पिल्ले सोडते. हे कधीही करू नये. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभर बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत, आणि ती पाण्याबरोबर, ओल्या अंगाबरोबर प्रवास करते. आंबोलीच्या सड्यावरील भेकाची शास्त्राला नवी असलेली जात २००९ साली नोंदवली गेली. तिचे अवघे जग त्या परिसरापुरते आहे. शहरातल्या टबातले पाणी तिथे सांडणे म्हणजे परोपकाराच्या नावाखाली रोग पोहोचवणे होय. जिथून आणले तिथेच, किंवा त्याच ओढ्याच्या काठी सोडावे. टबातले उरलेले पाणी कुठल्याही जलाशयात न ओतता उन्हात तापलेल्या कोरड्या जमिनीवर टाकावे.

आणि परतल्यावर तिथे डबकेच नसेल तर? खड्डा बुजला, वर फरशी आली, असे आता वरचेवर होते. म्हणून पिल्ले घरी आणतानाच शेजारचा एखादा ओलसर कोपरा हेरून ठेवावा आणि सोसायटीच्या बैठकीत तो फरशीपासून वाचवून घ्यावा. बैठकीत लोक हसतील. हसू द्यावे.

सोडायचे ते तिन्हीसांजेला, पाऊस पडून गेल्यावर. टब काठावर, पालापाचोळ्याशी कलता ठेवावा आणि दूर बसावे. काही लगेच उड्या मारतात. एखादा बराच वेळ दगडावरच बसून राहतो. त्याला ढकलू नये.