झोळी : एक शब्द, अनेक ओझीं



देवगड तालुक्यांतील मिठबावसारख्या किनाऱ्यावरील गांवीं शहरांतून पाहुणे विश्रांतीसाठीं येतात. दोन माडांमध्यें जाळीचें अंथरूण टांगलें, कीं ते त्याला 'हॅमक' म्हणतात. हा शब्द इंग्रजांचाहि मूळचा नव्हे. १४९२ मध्यें कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हां तेथील ताइनो लोक दोऱ्यांच्या जाळ्यांत निजत असत. त्यांचा 'हामाका' हा शब्द स्पॅनिश लोकांनीं वस्तूसह उचलला. डचांनीं त्याचें 'हांगमाट', म्हणजे टांगलेली चटई, असें घरगुती रूप करून घेतलें. जहाज हेलकावे खाऊं लागलें, कीं हें अंथरूणहि डोलतें. म्हणून तें खलाशांना मानवलें.

मराठींत यास काय म्हणावें? झोपाळ्याला फळी असते. 'डोली' संस्कृत 'दोले'च्या कुळांतली खरी, पण ती वाहून नेण्याची. जवळचा शब्द 'झोळी'. कापडाचीं टोकें बांधलीं आणि मध्यें पोकळी राहिली, कीं झोळी झाली. त्या पोकळींत काय ठेवलें, यावर शब्दाचा अर्थ ठरतो.

शेतांत राबणारी आई जुन्या लुगड्याची झोळी फांदीला बांधते व तींत तान्हें मूल निजविते. गोसाव्याच्या खांद्यावरील झोळींत भिक्षा पडते. म्हणून याचना करणें म्हणजे 'झोळी पसरणें', आणि सर्वस्व गमावलेल्याच्या हातीं 'झोळी येते'. एकच वस्त्र, पण त्यांत कोठें माया आहे, कोठें वैराग्य, तर कोठें दैन्य.

आणखी एक अर्थ उरतो. बांबूला चादर किंवा घोंगडी बांधून दोघांनीं आजाऱ्यास खांद्यावर न्यावयाचें, तीहि झोळीच. रस्ते होण्यापूर्वीं कोकणांतील वाड्यांवरून आजारी माणसें अशींच नेत. नंदुरबार, पालघर, गडचिरोली या जिल्ह्यांतील दुर्गम पाड्यांवरून अडलेली बाई आजहि कित्येकदां झोळींतूनच रस्त्यापर्यंत येते. विशेषतः पावसाळ्यांत, ओढे भरलेले असतांना. 'अँब्युलन्स'वरून तिला 'बांबूलन्स' असें नांवहि पडलें आहे. तो विनोद ऐकून हसूं येत नाहीं.

शब्दाचा कोणताहि अर्थ लोपला, तर भाषेच्या अभ्यासकास हळहळ वाटते. आईची झोळी राहो, माडाखालचीहि राहो. हा एक अर्थ मात्र लवकर जुना होवो, आणि शब्दकोशांत त्याच्यापुढें 'पूर्वींचा' एवढीच खूण उरो.