पोर्तुगालच्या खेड्यातला आमचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षे बाहेर काढलीत, तिकडच्या संसाराचे चार शब्द सांगा." लंडनचे सांगण्यात अर्थ नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या लेकीसुना तिकडे आहेत. त्या माझ्याहून ताजी बातमी देतील. तेव्हा मी पोर्तुगालचे सांगते. तेही लिस्बन शहराचे नव्हे. लिस्बनहून मोटारीने अडीच-तीन तास आत गेले की झेझेरे नदीचे डोंगराळ खोरे लागते. तिथे पाम्पिल्योझा दा सेर्रा नावाच्या तालुक्यात एक वाडी आहे. उंबरे चौदा, पण बारा महिने चूल पेटते ती चारच घरांत.

आमचे हे मालवणचे. नोकरी लंडनच्या रेल्वेत केली, पण मन खाडीवर. लहानपणी शाळा बुडवून गरवायला जायचे. गरवणे म्हणजे गळ टाकून मासे धरणे, हे आपल्या देशावरच्या भगिनींसाठी सांगते. निवृत्त झाल्यावर मालवणला जायचे ठरले होते. पण घराच्या वाटण्या झाल्या आणि आमच्या वाट्याला पडवी आली. त्यावर अधिक बोलत नाही. ह्यांच्या कचेरीतल्या एका इंग्रज मित्राने त्या खोऱ्यात घर घेतले होते. २००८ साली आम्ही त्याच्याकडे पाहुणे म्हणून गेलो. ह्यांनी तिथले धरणाचे पाणी पाहिले आणि मी मनाशी म्हटले, झाले! २००९ साली आम्ही घर घेतले. लंडनात मोटार ठेवायची खोलीसुद्धा त्या पैशात मिळाली नसती.

घर एका म्हातारीचे होते. ती गेल्यावर वारस अकरा. कोणी लिस्बनला, बरेचसे फ्रान्सला. त्या भागातली माणसे १९६० नंतर कामासाठी फ्रान्सला गेली ती तिकडचीच झाली. ऑगस्ट महिन्यात मात्र मोटारी भरभरून गावी येतात, बंद घरे उघडतात, देवाची मिरवणूक निघते, आणि सप्टेंबर लागला की पुन्हा कुलूप. कोकणातल्या भगिनींना ह्याचे नवल वाटायचे नाही. आपले चाकरमानी गणपतीला येतात तसेच ते. अकरा सह्या गोळा व्हायला आठ महिने लागले. शिवाय आम्हांला आधी नऊ आकडी कर-क्रमांक घ्यावा लागला; त्यावाचून तिथे विजेचे मीटरसुद्धा मिळत नाही. एक गोष्ट मात्र सोपी गेली. १९५१ सालापूर्वी बांधलेल्या घराला तिथे राहण्याच्या परवान्याची गरज नसते, घर तेवढे जुने आहे हे सिद्ध करायचे. म्हातारपण सिद्ध केल्याने फायदा होतो, असे मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

भाषेची भीती मला फार होती. पण पहिल्याच दिवशी शेजारची बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली आणि म्हणाली, "शाव." मी म्हटले, चावी! मग ती 'बाल्द' म्हणाली ती आपली बादली, 'कोव' म्हणजे कोबी, आणि बटाट्याला तर 'बतात'च. चारपाचशे वर्षांपूर्वी ह्यांच्या गलबतांबरोबर आपल्याकडे आलेले शब्द आपण इतके वापरले की ते परके आहेत हेच विसरलो. त्या दहापंधरा शब्दांवर माझा पहिला महिना निघाला. त्या बाईला मी 'विझिन्या' म्हणते, म्हणजे शेजारीण. तिकडे एकमेकींना अशीच हाक मारतात. तेव्हा ती सत्तरीची होती.

आता घराचे सांगते. तिथला दगड आपल्या पाटीसारखा, थराथरांचा. भिंती हात-दीड हात जाड, वर कौले, तुळया चेस्टनटच्या लाकडाच्या. खाली शेळ्या आणि दारूची पिंपे, वर माणसे, अशी जुनी मांडणी. शेळ्यांची ऊब वर येते म्हणून. आम्हांला शेळ्या नकोत, न्हाणीघर हवे. एक कंत्राटदार आला. त्याने खालची खोली आतून सगळी सिमेंटने लिंपून गुळगुळीत केली, पैसे घेतले आणि गेला. पहिल्याच पावसाळ्यात (तिथला पाऊस थंडीत असतो) भिंतींवर काळी बुरशी, उशांना वास, ह्यांना खोकला. पोर्तुगाल म्हणजे ऊन, असे सगळे समजतात. भगिनींनो, त्या घरात जानेवारीत मी जेवढी गारठले तेवढी लंडनला कधी गारठले नाही.

विझिन्या आली, तिने नखाने गिलावा खरवडला आणि म्हणाली, "भिंतीला रेनकोट घातलात. आतून घाम येणारच." पुढचे दोन उन्हाळे आम्ही उभयता छिन्नीने ते सिमेंट काढत होतो. मग तिने मला चुना विरवायला शिकवले. चुना उकळतो तेव्हा तोंड लांब ठेवायचे. चुना, बारीक वाळू आणि पाणी, पातळ नको, घट्ट नको, थापीवरून हळूच घसरेल इतपत. थालीपिठाचे पीठ जसे हाताला कळते तसे ते कळते. मुलांच्या मुंजी लग्ने केली तेव्हा झाला नसेल एवढा आनंद मला ती पांढरी भिंत कोरडी राहिली तेव्हा झाला.

इतके शिकूनही एक चूक केलीच, आणि खरे म्हणजे तीच सांगायला मी आज उभी आहे.

घराच्या मागे दगडी टाकी होती. चांगली चार मीटर लांब, तीन रुंद, पुरुषाच्या छातीइतकी खोल. डोंगरात आडवे खणलेले बोगद्यासारखे झरे असतात, त्यांचे पाणी पाटाने खाली येते आणि ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे त्याच्या टाकीत पडते. आमची पाळी गुरुवारी संध्याकाळी. टाकीच्या काठाला कपडे धुण्याचे दोन तासलेले दगड बसवलेले. पण टाकीला शेवाळ, रात्रभर बेडूक, आणि आमच्याकडे तर कपडे धुण्याचे यंत्र! आम्ही विजेचा पंप बसवून विहीर खोल खणून घेतली, आणि २०१२ साली टाकी फोडून तिथे फरशी घातली. वर लाकडी मांडव, द्राक्षाचा वेल, बसायला खुर्च्या. इंग्रजी मासिकात चित्र असते तसे. विझिन्या पाहायला आली. काही बोलली नाही. ते दोन दगड बाजूला पडले होते, ते म्हणाली, "हे तरी मी नेते." तिच्या नातवाने हातगाडीवर घालून ते नेले.

ह्यांचे दिवस धरणावर जात. झेझेरेवर १९५४ साली बांधलेले काब्रीलचे धरण आहे, त्याचा फुगवटा आमच्या डोंगराखालपर्यंत येतो. गळ टाकायला परवाना लागतो, पण तो बँकेच्या पैसे काढण्याच्या यंत्रातून निघतो! वसंतात विणीच्या दिवसांत काही माशांना बंदी असते. बार्बु आणि बोगा हे तिथले मूळचे मासे, चवीला बरे पण काट्यांचे जंगल. अशिगां हा अमेरिकेहून आणून सोडलेला, काटा कमी आणि मांस पांढरे. ह्यांचा एक डच सोबती होता. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नसे, त्यामुळे मैत्री फार चांगली टिकली. मी अशिगांची आमसूल घालून कढी केली. तिरफळे मालवणहून येत. विझिन्याने चमचाभर चाखून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी एक बरणी आणून दिली: तळलेले नदीचे मासे, कांदा, लसूण, तमालपत्र आणि सिरक्यात मुरवलेले. आठ दिवस टिकतात. आपल्या लोणच्याची बहीणच.

उन्हाळ्यात कधी कधी धरणावर पिवळी विमाने येत. ती पाण्यावरून सरपटत जातात आणि दहाबारा सेकंदांत सहा हजार लिटर पाणी पोटात भरून उडतात, आग विझवायला. तेवढा वेळ गळवाल्यांनी पाणी सोडायचे. ह्यांची तक्रार असे, मासे पळतात म्हणून. आग आम्ही अशी लांबून पाहिलेली.

२०१७ साल आले. १७ जूनला आमच्या पलीकडच्या पेद्रोगांव ग्रांद भागात वणवा पेटला आणि ६६ माणसे गेली. बरीचशी मोटारीतून पळताना रस्त्यातच. नोदेइरिन्यो नावाच्या गावात काही माणसे पाण्याच्या टाकीत उतरून वाचली. ही बातमी ऐकून मी मागच्या फरशीकडे पाहिले. पण नुसते पाहिले.

१५ ऑक्टोबर, रविवार. त्या वर्षी पाऊसच नव्हता; धरण इतके आटले होते की काठाशी नुसती उघडी माती. हे आणि त्यांचा डच सोबती सकाळीच गळ घेऊन गेले होते. दुपारी समुद्रातल्या ओफेलिया वादळाचा वारा सुटला, तापलेला, तव्यावरून आल्यासारखा. त्या एका दिवसात देशभर शेकडो आगी लागल्या आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली, हे मागाहून कळले. आम्हांला दिसले ते एवढेच की चार वाजता सूर्य तांबडा झाला आणि सात वाजता फोन गेला. मग वीज गेली.

वीज गेली म्हणजे पंप गेला. माझी खोल विहीर पाण्याने भरलेली आणि मला तांब्याभर पाणी मिळेना.

वाडीत आम्ही सहाजण होतो. सहाजणांच्या वयाची बेरीज साडेचारशेच्या वर. विझिन्याने सगळ्यांना तिच्या टाकीशी बोलावले. घोंगड्या भिजवून दारांना लावल्या, पन्हळीतली वाळकी पाने हातांनी काढली, शेळ्या सोडल्या. मग डोंगरावरून आग आली नाही, ठिणग्या आल्या. निलगिरीच्या सालींचे पेटलेले तुकडे वाऱ्यावरून पाखरांसारखे येत. आज त्या देशात सगळ्यांत जास्त रान निलगिरीचे आहे, कागदाच्या लगद्यासाठी लावलेले. जुनी शेती सुटली तिथे ते घरांपर्यंत आले आहे. पहिला पेटला तो आमचा मांडव. वेल, खुर्च्या, सगळे. तिथून ज्वाळा खिडकीच्या लाकडाला लागल्या. विझिन्या ओरडत होती, "बाल्द! बाल्द!" आणि मी बादल्या देत होते. तिच्या टाकीपासून माझ्या खिडकीपर्यंत पासष्ट पावले, चढ. रात्रभर किती खेपा झाल्या कोण मोजतो. दगडी भिंत आणि चुना जळत नाही, म्हणून घर राहिले. फ्रान्सवाल्यांची तीन बंद घरे गेली. तिथे पन्हळ साफ करायला कोणी नव्हते. माणूस मात्र एकही गेले नाही.

ह्यांचे काय झाले, हे मला रात्रभर ठाऊक नव्हते. तेवढे एक मला अजून नीट बोलता येत नाही.

सकाळी साडेनऊला दोघे चालत आले, तोंडे कोळशासारखी. रस्ता बंद झाला तेव्हा त्यांनी मोटार धरणाच्या उघड्या मातीत नेली होती आणि ओले टॉवेल डोक्यावर घेऊन पाण्याच्या कडेला बसून रात्र काढली होती. मी रडत होते. विझिन्याने ह्यांना आपादमस्तक पाहिले आणि विचारले, "मासे मिळाले का?" मिळाले होते, दोन. तिने ते गॅसवर तळले आणि आम्ही आठजणांनी पावाबरोबर खाल्ले. दुसऱ्या रात्री पाऊस आला.

२०१८ साली तिथल्या सरकारने योजना काढली. प्रत्येक खेड्याने एक सुरक्षा-प्रमुख नेमायचा, एक आसऱ्याची जागा ठरवायची, आणि आगीची वर्दी आली की सगळ्यांना तिथे न्यायचे. आमच्या वाडीची सभा प्रार्थनामंदिराच्या पायरीवर भरली. विझिन्या म्हणाली, "हिला करा. ही सर्वांत तरुण आहे." मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची होते. मंदिराच्या घंटेची चावी तेव्हापासून माझ्याकडे आहे.

आणि टाकी? ती त्याच वर्षी पुन्हा बांधली, त्याच जागी. एक भिंत ह्यांनी स्वतः रचली. ती थोडी वाकडी आहे. पाळीचा गुरुवार आम्ही सोडून दिला होता तो परत मागावा लागला, आणि कोणी हूं की चूं न करता दिला. टाकी भरली त्या सकाळी विझिन्या ते दोन धुण्याचे दगड हातगाडीवर घालून घेऊन आली, बसवून घेतले, आणि घरी यंत्र असताना आपली एक घोंगडी तिथेच धुतली. आता रात्री बेडूक ओरडतात. ह्यांची झोप मोडते, माझी नाही.

मी पुढच्या महिन्यात परत जाते आहे. घराभोवती पन्नास मीटरपर्यंतचे गवत आणि झुडपे ३० एप्रिलच्या आत कापायची, असा तिथे कायदा आहे. विझिन्याच्या गुडघ्यांना आता ते जमत नाही, तेव्हा तिचेही आम्हांलाच कापायचे आहे. जाताना तिच्यासाठी आमसुले न्यायची आहेत. कोणाकडे घरची, कमी मिठाची असतील तर सभा संपल्यावर मला जरूर सांगा.