कंदाहारचा द्विभाषी शिलालेख



द्विभाषी शिलालेख म्हणजे परिचित भाषेच्या साह्यानें अपरिचित भाषा उलगडण्याचें साधन, अशी आपली सामान्य समजूत असते. परंतु ज्या लेखांतील दोन्ही भाषा विद्वानांस आधींच अवगत आहेत, त्याचें मोल तें काय? या प्रश्नाचें उत्तर अफगाणिस्तानांत कंदाहार येथें १९५८ सालीं उजेडांत आलेला सम्राट अशोकाचा लेख उत्तम प्रकारें देतो.

इ. स. पू. २६० च्या सुमाराचा हा लेख खडकावर कोरलेला असून त्यांत वर ग्रीक भाषेच्या १४ व खालीं अरामी भाषेच्या ८ ओळी आहेत. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर त्या प्रांतीं ग्रीकांची वस्ती राहिली होती. अरामी ही तत्पूर्वींच्या इराणी साम्राज्याची कारभाराची भाषा. आपल्या सोपाऱ्यास ज्या राजानें प्राकृतांत आज्ञा कोरविल्या, त्यानेंच कंदाहारास तेथील प्रजेच्या भाषा जवळ केल्या.

आतां दोन पाठ शेजारीं ठेवून पाहूं. ग्रीक पाठांत ‘राजा पियोदास्सेस’, म्हणजे आपला प्रियदर्शी, एवढेंच आहे; अरामींत ‘आमचे स्वामी’ असा आदरही आहे. ‘धम्म’ या शब्दासाठीं ग्रीकांत ‘युसेबिया’, म्हणजे पूज्यभाव, हा शब्द येतो, तर अरामींत ‘सत्य’ या अर्थाचा. बुद्धाचें नांव कोठेंच नाहीं. मातापितरांची व वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळावी, जीवहिंसा टाळावी, हा उपदेश मात्र दोहोंत आहे.

सर्वांत उद्बोधक भेद राजाच्या आहाराविषयींचा होय. ग्रीक पाठ सांगतो कीं, राजा जीवहिंसेपासून अलिप्त राहतो. अरामी पाठ म्हणतो, राजाच्या भोजनासाठीं थोडेच प्राणी मारले जातात. अशोकाच्या पहिल्या गिरिलेखांतही पाकशाळेंत दोन मोर व एक हरिण, तेंही नित्य नव्हे, एवढीच हिंसा उरल्याचें व पुढें तीही थांबणार असल्याचें नमूद आहे. केवळ ग्रीक पाठ उरला असता, तर राजानें मांस सर्वस्वीं वर्ज्य केलें, असें आपण निःशंकपणें लिहून बसलों असतों!

तात्पर्य, राजाज्ञाही भाषांतराच्या हातून जातांना थोडी पालटते. एकाच गोष्टीचे दोन साक्षीदार जेथें मिळतात, तेथें त्यांचें ऐकमत्य जितकें मोलाचें, तितकाच त्यांच्यांतील फरकही मोलाचा. तो पुसून टाकूं नये. तेथेंच थांबून विचार करावा, हीच या शिलेची शिकवण होय.